पाटी कुठं नेणार?

परभणी
४ जानेवारी २०२५

आत्या,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून हे पत्र. शिवाय तू एक टर्म उपसरपंच काय झालीस, तेव्हापासून तुला तोंडी काही चालतच नाही. घे, लेखी देते.

मी पुण्याची नोकरी सोडून आले, हे बाबांनी तुला सांगितलंच असेल. इतकी वर्षं दुसऱ्याच्या किचनमध्ये बर्गर केले, आता स्वतःच्या करायचेत. आपला बोरखडीचा रस्त्यालगतचा तुकडा पडूनच आहे. तिथे माझं फास्ट फूडचं हॉटेल काढतेय. नाव ठरलंय, ‘निकीज् बाइट्स’. पुण्याच्या मैत्रिणीनं चित्रासकट नाव काढून दिलंय, बघशील तर खूश होशील.

तो तुकडा सात-बाऱ्यावर बाबांच्या आणि तुझ्या अशा दोघांच्या नावावर आहे. म्हणून बांधकाम परवानगीला तुझं संमतीपत्र लागतं. सोबत जोडलंय, सही करून पाठव. बाकी मी निस्तरतेय. नकाशा नगररचनाच्या ऑफिसात दिलाय. रस्त्याच्या मध्यापासून किती आत बांधायचं, गाड्या कुठून वळवायच्या, आगीची व्यवस्था काय, सगळं मागतात. नावाच्या फलकाचे नखरे तर विचारूच नकोस. मराठी नाव आधी, इंग्रजी अक्षरं मराठीपेक्षा मोठी नकोत, खांब रस्त्याच्या हद्दीत नको, लाइट ड्रायव्हरच्या डोळ्यावर नको.

एक किरकोळ अडचण आहे ती पाटीची. रस्त्याच्या खात्याचे साहेब जागा बघून गेले. म्हणाले, तिथली पाटी आधी हटवा, मग ना-हरकत देतो. ती मी हटवून टाकते, त्यात काही विशेष नाही.

सहीचं तेवढं लवकर बघ.

निकिता


बोरखडी
११ जानेवारी

निकिता,

पत्र भेटलं. अक्षर सुधरलंय तुझं, पैले कोंबडीनं पाय दिल्यासारखं होतं.

हॉटेल काढायलीस, लय ब्येस केलंस. बर्गर म्हंजे काय ते राजेश्रीनं मोबाईलवर दाखवलं. राजेश्री म्हंजे माझी नात, भागवतची थोरली, लक्षात हाय ना? कॉलेजला जाती आता गंगाखेडला. तर बर्गर बघितला. पाव कापून मधी टिक्की. आगं, हे शिकायला पुण्याला कामून जावं लागतंय? परभणीच्या बसस्टँडवर हेच वडापाव म्हणून भेटतंय. पण तू करशील तर चांगलंच करशील.

सहीचं म्हणशील तर माझं काय जातंय? जमीन बापाची, भाची भावाची. मला गावातल्या गावात दिलं म्हणून मी इथंच हाय, न्हाई तर त्या तुकड्याकडं बघायला बी कुनी नव्हतं.

पण एक गोष्ट कळंना. पाटी हटवणार म्हणतीस, म्हंजे पाटी कुठं नेणार? आन त्याला गावाला इचारायचं न्हाई का? ते नीट लिव्ह. तवर तुझा कागद फडताळात ठेवलाय.

सुमनआत्या


परभणी
१९ जानेवारी

आत्या,

कुठं नेणार म्हणजे? भंगारात! गंजून चाळण झालीय, मधोमध वाकलीय, कुणाच्या कामाची उरलेली नाही. आणि त्यात गावाला काय विचारायचं? आपल्या जागेत आहे. एका माणसाला सांगितलंय, टेम्पो घेऊन येईल आणि उचलून नेईल. तुझा इतका जीव अडकला असेल तर तुझ्या परसात आणून टाकायला सांगते. शेळ्या बांध तिला.

खरं सांग, दुसरं काही मनात आहे का? बाबा म्हणाले, सुमनला हॉटेलात वाटा पाहिजे असेल, म्हणून पाटीचं निमित्त काढतेय. मला तसं वाटत नाही, पण तसं असेल तर सरळ लिही. बोलून मोकळं होऊ. माझी फाइल तुझ्या फडताळामुळे अडलीय.

निकिता


बोरखडी
२७ जानेवारी

बाई निकिता,

तुझं पत्र बरोब्बर सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिशी आलं. काल झेंड्यानंतर ग्रामसभा होती. मी उभी राहिले आन तुझं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. पाटी भंगारात देणार म्हणल्यावर सगळी सभा उठली. तानुबाईच्या डोळ्याला पाणी आलं. आमचे दिनकरराव, जे ग्रामसभेत कवा जागे नसत्यात, ते जागे झाले आन म्हणले, ठराव लिवा. ठराव झाला. बोरखडी पाटी हलवायला गावाची हरकत हाय म्हणून. त्याची नक्कल तुझ्या त्या नगररचनावाल्यांना गेली बी. पैली सही माझी हाय.

आगं, पाटी काय तुझ्या बापाची जागीर हाय का? तू परभणीत वाढलीस, मग पुण्याला गेलीस, म्हणून तुला सांगायची येळ आली. गावाचा रस्ता जिथं मोठ्या रस्त्याला लागतो, जिथं बस थांबती, त्या जागेला आमी पाटी म्हणतोत. दुसरीकडं फाटा म्हणत असत्याल. तिथून दूध जातं. गावातल्या पोरी तिथून कॉलेजला जात्यात. चांगुणाबाईची सून बाळंतपणात अडली तवा तिथंच गाडी धरली. ते सगळं उचलून तू माझ्या परसात आणून टाकणार, आन त्याला मी शेळ्या बांधू? वाकली म्हणतीस. वळण हाय तिथं, आमच्या आज्यापासून हाय!

आन तुझ्या बापाला, बन्सीधरला सांग, तुझ्या वाट्याच्या चटणीला बी सुमन हात लावायची न्हाई. बहिणीला असं बोलायला जीभ कशी रेटली म्हणावं.

सुमन


परभणी
३ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र वाचून मी आधी हसले, इतकी हसले की आई आतून धावत आली. मग नगररचनाच्या ऑफिसात गेले आणि रडत परत आले.

मी म्हणत होते ती पाटी म्हणजे पत्रा! आपल्या तुकड्याच्या कोपऱ्यात दोन लोखंडी पायांवर उभा असलेला जाहिरातीचा पत्रा. त्यावर कापसाचं बोंड काढलंय, खाली बियाण्याच्या कंपनीचं नाव होतं ते गंजलंय. तो बिनपरवान्याचा आहे, म्हणून काढायचा. तुमचा बसथांबा मी कशाला हलवीन? आणि हलवीन म्हटलं तरी टेम्पोत बसेल का तो?

तू शहाणी, उपसरपंच राहिलेली, एक ओळ टाकून मला विचारायचं होतंस. आधी ठराव कशाला? आता फाइलवर शेरा पडलाय, ‘हरकत प्राप्त, सुनावणी घ्यावी’. साहेब मला म्हणाले, मॅडम, तुमच्या घरातूनच हरकत आहे, आधी घरात मिटवा. मान खाली घालून बाहेर आले.

बँकेनं कर्ज मंजूर केलंय, पण मार्चअखेर परवानगी हातात असेल तरच. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून, आणि दुसऱ्यांदा देतील असं नाही. मी नोकरी सोडून आलेय, आत्या. आई रोज जेवताना विचारते, त्यांनी परत घेतलं तर जाशील का? मला जायचं नाही. एवढ्या वर्षांत एकदाच स्वतःच्या मनानं काहीतरी करतेय.

हरकत मागे घ्या आणि सही कर. बाबा चुकले, ते कबूल करतात. वाटल्यास त्यांच्याकडूनही लेखी घेऊन पाठवते.

निकिता


बोरखडी
१० फेब्रुवारी

निकिता,

तुझं पत्र मी ग्रामपंचायतीत नेलं. सगळे पोट धरून हसले. दिनकरराव म्हणले, खामखा उठवलं मला. हरकत मागं घेतल्याचा कागद सोबत हाय, शिक्का बघून घे. चूक झाली. तुला ऑफिसात मान खाली घालावी लागली, ते वाचून मला रातभर चैन पडली न्हाई.

पण सही अजून करवना. का ते आता खरं लिवते.

रस्ता शिमिटाचा झाला तवा गावाच्या नावाची सरकारी पाटी उखडली, ती परत लागलीच न्हाई. जुने ड्रायवर वळखीनं थांबायचे. ते बदलून गेले, काही घरी बसले. नवीन पोरांना काय कळतंय? मोकळा रस्ता दिसला की सुसाट. त्यांना आमी खूण सांगितली ती तुझ्या त्या पत्र्याची. कापसाच्या बोंडापाशी थांबा, असं म्हणलं की थांबत्यात. दिवाळीच्या वाऱ्यात पत्रा आडवा झाला होता. भागवतनं परत उभा करूस्तोवर एक बी गाडी थांबना झाली. राजेश्रीला पुढच्या गावाला नेऊन सोडलं. पोरगी दिवस बुडाल्यावर ट्रकाच्या उजेडात पायी आली. चप्पल तुटली होती.

भागवत म्हणला, बास झालं कॉलेज. लोहऱ्याचं एक स्थळ बी आलंय. मी आडवी पडले. म्हणलं, गाडी थांबती तवर पोरगी जाईल. तेवढ्या एका बोलीवर ती जायलीय. मागच्या पत्रात मी गावातल्या पोरी म्हणले, माझ्या घरातली म्हणाया लाज वाटली.

एसटीच्या आगारात गेले होते. ते म्हणले, पाटी लावणं रस्त्यावाल्यांचं काम. रस्त्यावाले म्हणले, थांबा आगाराचा, आमचा काय संबंध? मी दोन्हीकडं लेखी दिलंय. पोच हाय, पाटी न्हाई.

म्हणून पत्रा गेला तर आमची पाटी बी गेल्यासारखीच हाय. तू भाची, ती नात. मी कुणाच्या अंगावर सही करू?

सुमनआत्या


परभणी
१४ मार्च

आत्या,

महिना झाला पत्र नाही, म्हणून म्हणाली असशील पोरगी रुसली. रुसायला वेळ नव्हता. आगार, रस्त्याचं खातं, नगररचना, परत आगार असं फिरत होते. तू लिहिलंस ते अगदी खरं आहे, दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. अर्ज मीही दिलाय. कधी होईल सांगता येत नाही, असं स्पष्ट बोलले.

मग मी विचारलं, माझ्या फलकावर बाण काढून गावाचं नाव टाकू का? नाही म्हणाले. खासगी फलकावर रस्त्याची दिशा किंवा गावाची सूचना टाकायची नाही, लोक फसतात. मग काय टाकायचं? म्हणाले, दुकानाचं नाव टाका, तेच मराठीत, आधी आणि मोठं.

जिन्यात थांबले. पुन्हा वर गेले आणि विचारलं, दुकानाचं नाव काय असावं याचा काही नियम आहे का? कारकून म्हणाला, शिवी सोडून काहीही ठेवा.

आता माझ्या दुकानाचं नाव आहे ‘हॉटेल बोरखडी पाटी’. नोंदणी बदलून आणलीय. फलक तुकड्याच्या हद्दीत, उंच खांबावर, लांबून वाचता येईल असा. पत्रा आधी काढायची अटही बदलून घेतली. हॉटेल सुरू करण्याआधी काढायचा, असं मी लिहून दिलंय. म्हणजे माझा फलक आधी चढेल, मग पत्रा उतरेल. मध्ये एक दिवसही गाडीला खूण नाही असं होणार नाही.

‘निकीज् बाइट्स’ गेलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पुण्यात दुसऱ्याचा ॲप्रन घालून उभी असताना मी हेच नाव मनात घोकायचे. त्या दिवशी जेवले नाही. पण राजेश्रीची चप्पल डोळ्यासमोरून जात नव्हती.

बँकेचे दिवस संपत आलेत. आता तरी सही कर.

निकिता


बोरखडी
१८ मार्च

निकिता,

सही केली. साक्षीदार म्हणून भागवत आन सविता दोघांची बी सही घेतली. सून सही करताना म्हणली, निकिताबाईला सांगा, बांधकामावरल्या माणसांचं पाणी आन चहा आमच्याकडून. हा कागद पोस्टानं न्हाई पाठवत, भागवत सकाळी स्वता घेऊन येईल.

तुझं पत्र भागवतला वाचायला दिलं. दोनदा वाचलं, आन शेतात गेला.

सोताचं नाव पुसून गावाचं लावलंस. मी तुझ्या जागी असते तर नसतं केलं. तुझ्या वयाची असताना तर न्हाईच न्हाई.

आत्या


बोरखडी
११ ऑगस्ट

निकिता,

परवानगी, कर्ज, बांधकाम सगळं येळेवर झालं, पण तू पुण्याला भट्ट्या आन मशिनी घ्यायला गेलीस आन इकडं येगळंच होऊन बसलं. म्हणून हे पत्र पुण्याच्या पत्त्यावर.

तू गेलीस त्याच दिशी फलक चढला. झकास दिसतो. ‘हॉटेल बोरखडी पाटी’, बाजूला लालभडक बर्गर. दुसऱ्या दिशी पत्रा उतरवला. गावानं टाळ्या वाजवल्या, तानुबाईनं नारळ फोडला.

आन त्या दिसापासून एक बी गाडी थांबना झालीय!

मी काल रस्त्यात हात आडवे करून उभी राहिले. ड्रायवरनं करकचून ब्रेक मारला आन माझ्यावर वरडला. मी म्हणलं, बाबा, एवढी मोठी पाटी दिसना का? तर तो म्हणतो कसा, मावशी, दिसती म्हणूनच थांबत न्हाई. ठरवून दिलेली हॉटेलं सोडून दुसऱ्या हॉटेलापुढं गाडी उभी केली की आमच्यावर फुकट जेवणाचा आळ येतोय. कुणी मोबाईलमधी फोटो काढला तर नोकरीवर येतंय. मी म्हणलं, आरं ते हॉटेल अजून उघडलं बी न्हाई. तो म्हणला, फोटोत ते कुठं दिसतंय?

त्याचं तरी काय चुकलं? त्याला बी लेकरंबाळं हायत.

राजेश्री परत पुढच्या गावाहून पायी आली. भागवतनं लोहऱ्याच्या पाव्हण्यांना चोवीस तारखेचं बोलावलंय, रविवारचं. मी लय बोलले. तो म्हणला, आई, बोली तुझीच होती, गाडी थांबती तवर. आता थांबत न्हाई. पोरगी भांडत बी न्हाई, निस्ती वह्या आवरायली.

आत्या


पुणे
१६ ऑगस्ट

आत्या,

पत्र मिळालं, लगेच पेंटरला फोन केला. ‘हॉटेल’ हा शब्द पुसायचा. बर्गरही पुसायचा. चमचा, ताट, काहीही ठेवायचं नाही. फलकावर फक्त ‘बोरखडी पाटी’. सरकारी पाटीची नक्कल केली असं कुणी म्हणू नये म्हणून निळा रंग नको, पिवळ्यावर काळी अक्षरं. दुकानाच्या नावातून ‘हॉटेल’ काढायचा अर्ज इथूनच ऑनलाइन केला, तोही मंजूर झाला. खायला काय मिळतं ते आतल्या दारावर लिहीन.

बाबा फोनवर ओरडले. म्हणाले, रस्त्यावरून जाणाऱ्याला इथं खायला मिळतं हे कळणारच नाही, धंदा करायला निघालीस की समाजसेवा? भीती मलाही वाटते, आत्या. कर्ज माझ्या डोक्यावर आहे, गावाच्या नाही. पण बस थांबली तर माणसं उतरतील, आणि उतरलेल्या माणसाला भूक लागते. निदान मी तरी स्वतःला असंच समजावलंय.

पेंटर बुधवारी येतोय. शिडी तुझ्याकडची दे. पाहुण्यांना येऊ नका म्हणून आधीच कळवू नकोस, भागवतदादा चिडेल. आणि राजेश्रीला सांग, वह्या आवरू नकोस.

निकिता


बोरखडी
२६ ऑगस्ट

निकिता,

पेंटर बुधवारी आला. दिवसभर मी खाली खुर्ची टाकून बसले, अक्षर वाकडं झालं की वरडायचे. संध्याकाळी दोन गाड्या तशाच गेल्या, रंग ओला होता की काय कुणास ठाऊक. गुरवारी सकाळची थांबली. संध्याकाळची बी थांबली. ड्रायवर तोच, माझ्यावर वरडलेला. खिडकीतून म्हणला, मावशी, आता कसं!

रविवारी लोहऱ्याचे पाव्हणे आले. कशानं आले असतील? बसनं! बरोबर पाटीवर उतरले. भागवत घ्यायला गेला होता. गाडी थांबलेली त्यानं सोताच्या डोळ्यानं बघितली. घरी आल्यावर पोहे झाले, च्या झाला. मी सैपाकघराच्या दारात उभी, सविता माझा हात धरून. पाव्हण्यानं इचारलं, मग पोरीला बोलवा. भागवतनं कपबशी खाली ठेवली. मग म्हणला, पोरगी बारावीला हाय. गाडी थांबती आमच्या पाटीवर. शिकू द्या तिला, मग बगू. पाव्हणे नाराज झाले. होऊ दे. परत जाताना बी त्यांना बस पाटीवरच भेटली.

सोमवारी सकाळी राजेश्रीला पाटीवर सोडायला भागवत सोता गेला.

संध्याकाळी ती घरी आली ती हसतच. गाडीत नवा कंडक्टर होता. तिनं बोरखडी पाटीचं तिकीट मागितलं, तर तो म्हणला, ती नवी पिवळी पाटी ना, सरकारनं लावली का?

राजेश्री म्हणली, न्हाई, माझ्या आत्यानं.

तुझी
सुमनआत्या